नाना मोघ्यांचा वैमानिक

कोपरीत त्या काळी ज्याला ज्याला ताप आला, त्याने नाना मोघ्यांना जीभ दाखवलेली आहे. आजार ओळखण्यासाठी नव्हे, ते काम डॉक्टरांचं. नाना होते कंपाउंडर. पण औषध हातात ठेवून मोकळं व्हायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिला डोस दवाखान्यात, त्यांच्यासमोर घ्यायचा, आणि घेतला की तोंड उघडायचं. "गिळलंस? दाखव जीभ. वर कर. आता गालात काय आहे बघू." एवढं होईपर्यंत बाकीच्यांनी बाकावर ताटकळायचं.

मी तसा तिरसट माणूस. पहिल्यांदा गेलो तेव्हा चिडून म्हणालो, "अहो, मी काय शाळेतला पोर आहे? माझा ताप मला नको का उतरायला?"

"सगळ्यांनाच हवा असतो असं नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी बॅटरीचा झोत माझ्या तोंडात मारला.

उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. धोतराखाली लष्करी बूट. लढाई संपून कितीतरी वर्षं झाली होती, पण ते बूट दर दोन पावसाळ्यांनी नवा तळवा लावून घ्यायचे आणि परत नानांच्या पायात यायचे. लढाईत ते लष्करी इस्पितळात होते, आसामच्या बाजूला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त कुणी विचारत नसे. विचारलं तर नाना बाटलीवर डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवत राहायचे.

आमच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहत, रावसाहेब. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना गोळी लिहून दिलेली. नानांनी गोळी दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "जीभ."

रावसाहेब लाल झाले. "मोघे, मी आख्ख्या तालुक्याचा कारभार पाहिलाय!"

"मग जीभ असेलच," नाना म्हणाले. "दाखवा."

बाकावरची माणसं खो खो हसली. मीही हसलो. रावसाहेबांनी रागारागाने तोंड उघडलं, आणि जिभेखाली गोळी तशीच होती. हसणं जागच्या जागी थांबलं. रावसाहेबांची बायको त्याच साली गेली होती. ते गोळ्या साठवत होते, हे त्यांच्या मुलासुनेला कळलं नव्हतं, भिंतीला भिंत असून आम्हाला कळलं नव्हतं. नानांनी गोळी काढून घेतली, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दवाखाना उघडण्याआधी त्यांच्याकडे पत्त्यांतला बेझिक खेळायला जाऊन बसू लागले. बेझिक त्यांना धड येतही नव्हतं. रावसाहेब त्यांना सारखे रागवायचे, आणि रागवण्याच्या नादात जगत राहिले.

दुसरी गोष्ट मॅट्रिकला नापास झालेल्या एका पोराची. त्याने मासुंद्याच्या तळ्यात उडी मारली, कोळ्याच्या पोरांनी काढला. डॉक्टरांनी पाणी काढून टाकल्यावर तो दवाखान्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, दात घट्ट मिटून. नाना शेजारी स्टूल घेऊन बसले. हातात दुधाचा पेला. "हे बघ," ते म्हणाले, "मरणं तुझ्या हातात नाही हे आत्ता कळलंच तुला. दूध पिणं आहे. पी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगा ऐकेना, तर दर थोड्या वेळाने तेच वाक्य, त्याच आवाजात, कंटाळा न करता. शेवटी त्या वाक्याला कंटाळूनच तो प्यायला असावा.

पण नाना खरे भडकले ते त्याचा बाप न्यायला आला तेव्हा. बाप दारातूनच म्हणाला, "तोंड दाखवायला जागा ठेवली नाही कार्ट्याने. घरात कुणी बोलणार नाही त्याच्याशी."

एरवी आवाज न चढवणारे नाना उठले. "मग न्यायचा नाही त्याला," ते म्हणाले. "माझ्याकडे राहू दे. घर बंदच करायचं होतं तर पाण्यातून काढला कशाला? माणूस परत येतो तो कुणाच्या भरवशावर येतो?" बाप गांगरला. वहिनी, म्हणजे नानांची बायको, मला नंतर म्हणाल्या, "यांचं हे असंच आहे हो. कुणी परत यायचं म्हटलं की यांचे प्राण डोळ्यांत येतात."

आणि तिसरी नागूबाय. तिच्यामुळेच मला पुढचं सगळं कळलं.

दवाखान्यावरून थोडं चालत गेलं की तेव्हा वस्ती संपायची, मग मिठागरं, मग खाडी. नागूबाय मिठागरावर काम करणारी आगरीण. तिचा एकुलता एक मुलगा पांडू लढाईत बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि बोटीचाच पत्ता लागला नाही. घरी तरणी सून. नागूबायच्या दिराचं म्हणणं, पांडूचं क्रियाकर्म उरकावं आणि सुनेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यावं. यात काय चुकीचं होतं? मला तर दीर शहाणा वाटला. पण नागूबाय आली नानांकडे. नाना भिक्षुकाचे चिरंजीव, भिक्षुकी नको म्हणून घरातून पळालेले. तरी तिच्या लेखी ते भटजीच.

"भटा," ती म्हणाली, "माजा पोर जिता हाय का मेला, ह्ये मना कोन सांगल?"

"कुणी नाही सांगणार, नागूबाय. म्हणून तर थांबायचं."

"सून तरनी हाय रं. किती दिस बसवू तिला?"

"शास्त्रात बारा वर्षं सांगितलीत. बारा वर्षं माणसाची वाट बघायची, मग देहाऐवजी त्याचा पुतळा जाळायचा. आज पुतळा जाळलात आणि उद्या पांडू दारात उभा राहिला, तर तो कुठे उभा राहणार?"

नागूबाय थांबली. सूनही थांबली. ती रोज मिठाच्या वाफ्यांत फावडं ओढताना दिसायची, आणि दर वर्षी थोडी जास्त काळवंडलेली दिसायची. मी एकदा नानांना सरळ म्हणालो, "नाना, तुम्ही त्या पोरीचं वाटोळं करताय. बोट बुडाली. बुडालेला माणूस येत नाही."

दुपारची वेळ होती, दवाखाना बंद. नाना बाटल्या धूत होते. मग हात पुसून माझ्यासमोर बाकावर बसले आणि म्हणाले, "शरद, मी स्वतः एका मेलेल्या माणसाला परत जन्माला घातलाय. थट्टा नाही करत."

ती हकिकत त्यांनी मला सांगितली, ती मी जमेल तेवढी त्यांच्याच क्रमाने सांगतो.

नानांच्या इस्पितळात, बांबूच्या कुडाच्या त्या लांबलचक झोपडीत, एक जपानी वैमानिक आणला होता. विमान पडलं तेव्हा तो बेशुद्ध झाला म्हणून सापडला; शुद्धीवर असता तर हाती लागलाच नसता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, पट्ट्यांत गुंडाळलेले. शुद्धीवर आल्यावर आपण शत्रूच्या खाटेवर आहोत हे पाहून त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डोकं खाटेच्या लोखंडावर आपटायला सुरुवात. मग पट्ट्या दातांनी सोडायला लागला. मग जेवण बंद. साहेबाने नानांना सांगितलं, हा जिवंत पाहिजे, याची चौकशी करायची आहे. आणि नानांची ड्युटी त्या खाटेशी लावून टाकली.

"मला वाटलं वेदना सोसवत नाहीत म्हणून करतोय," नाना म्हणाले. "पण ते तसं नव्हतंच. त्याला शाळेतलं इंग्रजी थोडं येत होतं, मला थोडं. तो म्हणाला, मी मेलोय. तुम्ही प्रेताला पाणी पाजताय."

हळूहळू नानांना उमगत गेलं. त्यांच्याकडे वैमानिक घरून निघताना आपली नखं आणि केस कापून घरी ठेवून येत. देह मिळणार नाही हे धरूनच चालायचं, मग अंत्यविधीला घरच्यांजवळ काहीतरी हवं ना. विमान परत आलं नाही की घरी विधी उरकायचा, दगड उभा करायचा. आई त्या दगडापुढे भात ठेवते. गाव त्या घराला मान देतं. आणि असा माणूस पकडला गेला, जिवंत राहिला, हे कळलं तर? मग तो दगड खोटा, मान खोटा, आई खोटी. बहिणींची लग्नं मोडतात. भावाला गावात तोंड वर करता येत नाही. पकडलं जाऊ नका, मरा, असा त्यांना लष्कराचा हुकूम होताच. पण लष्कराच्या आधी घराने, शाळेने, गावाने तेच शिकवलेलं. "तो मला विनवायचा," नाना म्हणाले. "शत्रू म्हणून नाही, भाऊ म्हणून विनवायचा. माझी बहीण आहे, म्हणायचा. तिच्यासाठी तरी मला मारून टाक."

नानांनी मारलं नाही. ते खाऊ घालत राहिले. तो गोळ्या जिभेखाली धरायचा आणि मागून तोंडानेच उशीत सारायचा. एकदा उशी झटकताना त्या सापडल्या, तेव्हापासून नाना त्याला जीभ दाखवायला लावू लागले. तो भाजलेल्या हातांनी काही करू शकत नव्हता, नाना त्याच्या जबड्यात बोट घालून बघत. तो चावायचा. नानांच्या उजव्या तर्जनीवर तो व्रण होता. मी तो इतकी वर्षं काचेने कापल्याचा समजत होतो.

"नाव विचारलं तर सांगेना. मग एक दिवस साहेबाच्या दुभाष्याला त्याने नाव सांगितलं. मिनागावा सेइजी. मी आपला सैजी म्हणायचो."

आणि इथे नानांनी एक गोष्ट केली. ती फक्त मुरबाडकडच्या भिक्षुकाच्या मुलालाच सुचू शकली असती. दुसऱ्या कुणी त्याला धीर दिला असता, देवाचं नाव घेतलं असतं, फार तर रडला असता. नानांना आठवला वडिलांनी केलेला एक विधी. त्यांच्या गावचा एक गृहस्थ परागंदा झालेला. वाट बघून बघून घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, बायकोचं कुंकू पुसलं, श्राद्धं सुरू झाली. आणि तो एक दिवस दाढी वाढवून वेशीत हजर! बायका किंचाळत पळाल्या. मेलेला माणूस घरात घ्यायचा कसा? तर नानांच्या वडिलांनी पोथ्या काढल्या. शास्त्रात सोय होती. त्याला तुपाने न्हाऊ घातलं, नवजात बाळ समजून जातकर्म केलं, मध-तूप चाटवलं, बारसं केलं, कानात नाव सांगितलं, मुंज लावली. आणि मग त्याच्या स्वतःच्याच बायकोशी त्याचं परत लग्न लावलं. त्याच्या थोरल्या मुलाने बापाच्या लग्नात पंगत वाढली. गाव हसून हसून लोळलं, पण लाडू खाऊन उठलं, आणि त्यानंतर त्या माणसाला कुणी मेलेला म्हटलं नाही.

हे सगळं नानांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सैजीला सांगितलं. हातवारे करून, दाढी दाखवून, बायका कशा पळाल्या ते दाखवून. सैजी पहिल्यांदाच नीट ऐकत होता.

"मग मी कोठीतून लष्करी शिध्यातलं तूप आणलं," नाना म्हणाले. "त्याच्या डोक्याला चोळलं. मध नव्हता, साखरेचा पाक केला. तुपात कालवून चमच्याने जिभेवर ठेवला. आणि कानात म्हटलं, चिरंजीव."

"मंत्र?"

"येत होते तेवढे म्हटले. चुकले असतील. शेजारच्या खाटेवरचा पंजाबी खो खो हसत होता. सैजीने विचारलं, या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं, जो मरत नाही तो. तर तो हसला, शरद. त्या तुपकट केसांनी, साखर लागलेल्या ओठांनी हसला. आणि मग भात मागितला."

त्यानंतर सैजी जगू लागला. हात बरे झाले, वेडेवाकडे का होईना. तो कुडाशी बसून नानांना बांबूच्या काड्यांची छोटी विमानं करून दाखवायचा. पण एक प्रश्न तो दर दोन दिवसांनी विचारायचा: तुमच्याकडे घेतात परत. आमच्याकडे घेतील?

"मी म्हणायचो, घेतील. माणसं इथूनतिथून सारखीच. आई ती आई. मी शब्द दिला त्याला."

बरा झाल्यावर त्याला कैद्यांच्या छावणीत हलवलं. ट्रकमध्ये चढला, ट्रक सुटला, आणि मागच्या फळीवरून त्याने नानांकडे बघून सगळी जीभ बाहेर काढली. गिळलंय, बघ. लढाई संपल्यावर छावण्यांतले कैदी बोटींनी घरी गेले, एवढं नानांच्या कानावर आलं. पुढे काही नाही.

हे सांगून झाल्यावर नाना उठले, परत बाटल्यांशी गेले. "आता त्याला घरी घेतलं का नाही, एवढंच मला कळायला पाहिजे," ते म्हणाले. "घेतलं असलं तर बस. मग पांडूही येवो न येवो, थांबणं खोटं नाही."

तेव्हापासून मी सर्वपित्री अमावास्येला नानांकडे नीट पाहू लागलो. दर वर्षी त्या दिवशी ते खाडीवर जायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून तर्पण करायचे. बापाचं, आजाचं, गेलेल्या मित्रांचं. सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटची एक ओंजळ भरायचे, थोडा वेळ धरून ठेवायचे आणि तीळ न घालता तशीच सोडायचे. विचारलं तर म्हणायचे, "एकाचं कळलेलं नाही अजून. जिवंत माणसाच्या नावाने तीळ सोडू नयेत."

मी त्या सुमारास कल्याणच्या पलीकडे एका नव्या कापडगिरणीत टायपिस्ट म्हणून लागलो होतो. गिरणीत जपानी माग बसवायला जपानहून इंजिनियर आले. त्यातले ओकादा माझ्याकडून पत्रं टाइप करून घ्यायचे. शांत, नेटका, साधारण नानांच्याच वयाचा माणूस. हे मी घरी बोललो, ते नानांपर्यंत गेलं आणि संपलंच. नाना रोज संध्याकाळी माझ्या दारात. "अरे, विचारलंस का? जेवायला आण त्यांना. वरणभात चालेल का विचार. तूप चालतं का?" मला हे नको होतं. मी टाळत राहिलो. शेवटी ओकादांनाच मराठी घर बघायची इच्छा झाली, आणि एका रविवारी मी त्यांना कोपरीला घेऊन आलो.

नानांनी त्या दिवशी बुटांना पॉलिश केलं होतं. वहिनींनी पाट मांडले, रांगोळी काढली. ओकादा मांडी घालून आमच्याहून सरळ बसले. भातावर तूप पडलं, चार घास झाले, आणि नानांनी जेवण संपेपर्यंतही वाट पाहिली नाही. त्यांच्या त्या लष्करी इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्याचं नाव मिनागावा सेइजी. विमानदलात होता. त्याचा काही ठावठिकाणा लागेल का?"

ओकादांनी नाव परत म्हणायला सांगितलं. नानांनी म्हटलं. ओकादांनी हातातला घास पानात ठेवला.

"हे सिनेमातलं नाव आहे," ते म्हणाले. "तलवारबाजीच्या सिनेमांतला नायक. लढाईच्या आधी आमच्याकडे प्रत्येक पोराला हा व्हायचं असायचं. मलाही."

नानांना समजायला वेळ लागला. "म्हणजे नावासारखं नाव."

"नाही," ओकादा हळू म्हणाले. "पकडली गेलेली माणसं काहीतरी नाव सांगत. आपलं सांगत नसत. घरासाठी."

वहिनी वाढायचं विसरून ताकाचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. काय बोलणं चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण नानांचा चेहरा दिसत होता.

"ठीक आहे," नाना म्हणाले. "नाव राहू दे. पण असे जे घरी परत गेले, त्यांना घरच्यांनी घेतलं ना?"

"आमच्या गावात तसं कुणी परत आलं नाही."

"कुणीच पकडलं गेलं नव्हतं?"

"कुणी परत आलं नाही," ओकादांनी तेवढंच पुन्हा सांगितलं. मग आपल्यालाच सांगावं तसं म्हणाले, "माझा मोठा भाऊ वैमानिक होता. त्याचा दगड आहे आमच्याकडे. माझे वडील शाळेत हेडमास्तर होते. पकडले जाऊ नका, असं सांगून त्यांनी गावातली किती मुलं पाठवली. ती मुलं आली नाहीत. आता समजा माझा भाऊ आला. रात्री आला, दिवसा आला, कसाही. वडील दार कसं उघडतील? गावातल्या त्या आया काय म्हणतील?"

"आणि तुमची आई?" नानांनी विचारलं.

"आई वडिलांच्या मागे उभी राहील."

नानांनी पानावरचे हात मागे घेतले. "मी त्याला सांगितलं होतं, घेतील म्हणून," ते म्हणाले. ते मराठीत म्हणाले. ओकादांनी माझ्याकडे बघितलं, पण मी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नानांपुढे कमरेतून खूप खाली वाकून नमस्कार केला आणि तसेच बराच वेळ राहिले. निघताना ते मला रस्त्यावर म्हणाले, "तुमच्या मित्राने चांगलं काम केलं." मग थोडं थांबून, "करायला नको होतं."

मला त्या माणसाचा राग आला. मग वाटलं, हा तरी काय करणार? त्याला खोटं बोलायचं असतं तर किती सोपं होतं. हो, घेतात की घरी, एवढं म्हटलं असतं तरी नाना तो भात आनंदाने जेवले असते. पण खोटं बोलून माणसाला जगवायची रीत त्याच्याकडे नव्हती. ती आमच्याकडची.

दुसऱ्या दिवशी नाना नागूबायकडे गेले. मी बरोबर होतो. ती मिठाच्या राशीशी बसली होती. नाना उभ्या उभ्या म्हणाले, "नागूबाय, पांडूचं करून टाक. सुनेचा पाट लाव."

तिने मान वर केली. "बारा वर्सं कुठं झायली अजून? तूच बोललास ना, थांब म्हनून?"

"मी बोललो होतो."

"मंग आता कोन आला सांगत?"

"कुणी नाही आलं."

"मंग?"

"म्हणूनच," नाना म्हणाले. नागूबाय रडली नाही. तिने शेजारचं मूठभर मीठ उचललं आणि परत राशीवर टाकलं. दूर वाफ्यात सून काम करत होती. तिला हाक मारायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. एवढी वर्षं थांबल्यावर तिचं आता कोण पाट लावून घेणार होतं, हा प्रश्न मला पडला आणि मी तो गिळला. पुढे दिराने खटपट केली, पण तिचा पाट काही लागला नाही.

त्या साली सर्वपित्रीला खाडीवर दोन्ही गोष्टी एका वेळी झाल्या. ओहोटी होती. एका अंगाला नागूबायच्या घरची माणसं, त्यांचा भट, दर्भाचा पुतळा. सून थोडी लांब, पाठ करून बसलेली. आणि दुसऱ्या अंगाला पाण्यात नाना. बापाचं झालं, आजाचं झालं. मग त्यांनी शेवटची ओंजळ भरली. या खेपेला त्यांनी तीळही घेतले होते. मी काठावर त्यांचा सदरा धरून उभा होतो.

ते ओंजळ धरून राहिले. तर्पणाला नाव लागतं. पाणी बोटांमधून गळून गेलं, हातात नुसते तीळ राहिले, ओले, तळव्याला चिकटलेले. त्यांनी परत ओंजळ भरली. परत गळाली. मग ते वळून काठाकडे आले आणि मला म्हणाले, "काय म्हणू रे? जिवंत असला तर मीच त्याला मारल्यासारखं होईल. आणि मेला असला, तर माझाच शब्द ऐकून घरी गेला आणि मेला. नाव तर नाहीच माझ्याकडे." त्यांनी धोतराला हात पुसले. तीळ धोतराला लागले. त्या अंगाला पुतळ्याला अग्नी दिला होता आणि ओल्या दर्भाचा धूर आमच्याकडे येत होता.

तीळ त्या साली सोडले नाहीत, आणि पुढच्या सालीही. नाना नंतर सर्वपित्रीला खाडीवर आलेच नाहीत.

बाकी सगळं तसंच चालू राहिलं. रावसाहेबांकडे मात्र नाना त्या सर्वपित्रीनंतर जायचे थांबले. बेझिकचे पत्ते पडून राहिले. रावसाहेबांनी एकदोनदा विचारलं, मग विचारेनासे झाले. तो हिवाळा संपता संपता ते गेले. झोपेतच गेले असं त्यांचा मुलगा म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

पुढे गिरणीला जवळ पडावं म्हणून मी डोंबिवलीला खोली घेतली. सामान हलवायच्या आदल्या दिवशी मला ताप भरला, आणि एका अर्थी बरंच झालं, निरोप घ्यायला निमित्त मिळालं. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी आत दिली. नानांनी मिक्श्चर तयार केलं, बाटलीला पट्टी चिकटवली, गोळी आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"डोंबिवलीला जातोय, नाना," मी म्हणालो.

"हो, वहिनी म्हणत होती तुझी. नीट राहा," नाना म्हणाले.

मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलो आणि सवयीने तोंड उघडून जीभ बाहेर काढली. नाना पाठमोरे होऊन बाटल्या धूत होते. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग तोंड मिटलं, पेला फळीवर ठेवला आणि निघालो.